बैलजोडीच्या फोटोतला माणूस

फौजदारकीच्या नोकरीत कितीतरी प्रकरणं हातावेगळी केली आणि विसरूनही गेलो. हे एक मात्र अजून डोक्यात घोळत राहतं. कागदोपत्री ते निकाली निघालं, पण मला विचाराल तर मला ते आजतागायत पुरतं उमगलेलं नाही.

लढाईचे दिवस होते. माझी नेमणूक श्रीगोंदा भागात झाली होती. मी नवा फौजदार होतो, म्हणजे कायद्याची कलमं तोंडपाठ आणि माणसांची पारख बेताचीच. एके सकाळी एका गावचा पोलीस पाटील एका शेतकऱ्याला घेऊन ठाण्यावर आला. शेतकऱ्याची खबर अशी होती की त्याचा थोरला भाऊ तीन आठवडे बेपत्ता आहे आणि भावजयीनेच त्याचं काही बरंवाईट केलं असावं. तो नाहीसा व्हायच्या आदल्या संध्याकाळी नवरा-बायकोत कडाक्याचं भांडण झालं होतं, ते शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी माणूस नाही आणि त्याचा पटका मात्र खुंटीवर. त्या काळी आमच्याकडचा शेतकरी बोडक्या डोक्यानं बांधापलीकडे जात नसे, मग तो गाव सोडून कसा जाईल? मला हा मुद्दा फार वजनदार वाटला.

मी जमादाराला घेऊन गावात गेलो. बाई तिशीच्या आतली, अंगानं किरकोळ, आवाज शांत. भांडण कशावरून झालं असं विचारलं तर म्हणाली, फोटोवरून. मी तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा तेच. फोटो घरी आणला, नवऱ्यानं तो पाहिला, भडकला आणि निघून गेला. का भडकला ते तिला ठाऊक नव्हतं. मी तिला दरडावून म्हटलं की बाई, खोटंच बोलायचं तर जरा पटेल असं तरी बोला.

त्यावर तिनं पेटीतून खणात गुंडाळलेला एक फोटो काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, "ह्येच हैत. ह्यांना हुडका रावसाहेब, सापडत्याल."

त्या वेळचे फोटो म्हणजे खुर्चीत ताठ बसलेला माणूस, गुडघ्यांवर हात आणि वटारलेले डोळे. हा तसा नव्हता. उघड्या माळावर उभा असलेला माणूस बाजूला कुणाकडे तरी बघून हसत होता, आपला फोटो निघतोय याचा त्याला पत्ताच नव्हता. चेहरा तुळतुळीत, छातीपर्यंतचाच भाग घेतलेला. खरं सांगतो, मी हरखून गेलो. बेपत्ता शेतकऱ्याचा फोटो मिळणं म्हणजे त्या काळात लॉटरीच. जमादार जुना माणूस. त्यानं रीतीप्रमाणे दौत-टाक काढून उंची, बांधा, अंगावरच्या खुणा असं वर्णन लिहायला घेतलं. मी त्याला थांबवलं. म्हटलं, जमादार, फोटो असताना वर्णन कशाला? त्यानं टाक पुसून ठेवला.

मग मी गावात दहा-बारा जणांना तो फोटो दाखवला आणि विचारलं, हाच ना तो? सगळे व्हय म्हणाले. फौजदारानं 'हाच ना' म्हटलं की खेड्यातला माणूस 'व्हय'च म्हणतो, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

बाईला अटक केली. मॅजिस्ट्रेटनी कोठडी दिली आणि तिची रवानगी मामलेदार कचेरीच्या आवारातल्या तुरुंगात झाली. आम्ही विहीर उपसली, उकिरडा उकरला, दोन शेतं खणली. प्रेत मिळालं नाही. जिल्ह्याच्या कचेरीतून फोटोच्या प्रती करवून मी आसपासच्या ठाण्यांना पाठवल्या. एकेक उत्तर येत गेलं की असा इसम आमच्या हद्दीत नाही. राहुरीच्या शिपायानं तर देवळाली प्रवराकडची गुऱ्हाळं पालथी घातली आणि नकार कळवला. प्रत्येक नकारानं बाईचा पाय खोलात जात होता. प्रेत नसलं तरी पुराव्याची साखळी जुळवून खुनाचा खटला उभा करा, असं वरूनही आलं होतं. त्याचा शेवट फाशीत होऊ शकतो हे मला कळत होतं. तिला कळत होतं की नाही कोण जाणे, कारण मी जबाबाला गेलो की ती पहिल्यांदा एवढंच विचारायची, ते सापडले का. मी फोटो समोर धरायचा, हा तुझाच नवरा ना? ती म्हणायची, ह्येच, अगदी ह्येच. खून केलेली बाई मेलेल्या माणसाची वाट कशी बघेल? आणि खून केलेला नसेल तर हा माणूस गेला कुठे? माझं डोकं पार चक्रावून गेलं होतं.

एका दुपारी माझ्या टेबलावरचा तो फोटो जमादारानं उचलला आणि दाराशी उजेडात नेला. फोटोतल्या माणसाच्या खांद्यापाशी, अगदी कडेला, एक बारीक वाकडी रेघ होती. मी ती डाग समजत होतो.

"साहेब, हे शिंग हाय," जमादार म्हणाला. "खिलारी बैलाचं. वरून रंग फासलाय, पर टोक ऱ्हायलंय."

बैल कुठून आला? आणि रंग फासून तो लपवायचं कारण काय? मला वेगळाच वास येऊ लागला. आता फोटोग्राफरही कटात सामील आहे की काय? फोटोच्या पाठीवर नगरच्या दुकानाचा शिक्का होता. दुसऱ्याच दिवशी मी नगर गाठलं.

फोटोग्राफर साठीच्या घरातला, जाड भिंगांचा चष्मा लावणारा गृहस्थ होता. गणवेश बघून तो जरासुद्धा घाबरला नाही. त्यानं कपाटातून एक काच, म्हणजे फोटोची मूळ निगेटिव्ह, काढली आणि त्याच काचेवरून सुरुवातीला छापलेली एक अख्खी प्रत माझ्यापुढे ठेवली. मधोमध दिमाखात उभी बैलजोडी, एका बाजूला तिचा मालक, गावातला एक बडा बागायतदार, आणि दुसऱ्या कडेला बैलाच्या वशिंडावर डावा हात टाकून हसत उभा असलेला आमचा बेपत्ता इसम. त्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. चेहरा देवीच्या व्रणांनी चाळणी झालेला.

मी प्रतीकडे पाहतच राहिलो. माझ्याकडच्या फोटोतला माणूस तो हाच, हे एरवी कुणी सांगूनही पटलं नसतं.

मग त्यानं सगळं समजावून सांगितलं. बागायतदाराच्या बैलांचा फोटो काढायला तो गावी गेला होता. पुढे ही बाई बाजाराच्या दिवशी दुकानात आली आणि म्हणाली, त्यातला आमच्या मालकांचा एकट्याचा फोटो करून द्या. लढाईमुळे काचा आणि कागद मिळत नव्हते, त्यामुळे नवा फोटो काढायचा प्रश्नच नव्हता. आहे त्यातूनच कापायचं ठरलं. "हात ठेवला तर बैलाचं वशिंड येतं, बैल काढला तर हात जातो. म्हणून मी छातीपाशी कापलं. शिंग राहत होतं, त्यावर पांढरा रंग दिला."

आणि चेहरा? या प्रश्नाचं त्यालाच नवल वाटलं. म्हणाला, "एकट्याचा फोटो असला की देवीचे व्रण मी सगळ्यांचेच भरतो, साहेब. काचेवर शिसपेन्सिलीनं. त्याला कुणी सांगावं लागत नाही. न भरता दिला तर गिऱ्हाईक फोटो परत आणून टाकतं."

उठता उठता त्यानं सांगितलं की अशीच अख्खी प्रत त्या बागायतदाराच्या ओसरीवर लावलेली आहे. पंचनाम्याच्या वेळी त्याच ओसरीवर बसून मी दोनदा चहा प्यायलो होतो.

राहुरीसह सगळ्या ठाण्यांना तार केली: चेहऱ्यावर देवीचे दाट व्रण, डाव्या हाताची दोन बोटे नाहीत. फोटो घेऊन गुऱ्हाळं फिरलेल्या राहुरीच्या शिपायाला ताबडतोब ओळख पटली. अशा एका माणसाच्या हातून त्यानं रस घेतला होता आणि त्यालाच फोटो दाखवून हा दिसला का म्हणून विचारलं होतं. तिसऱ्या दिवशी तो इसम माझ्यासमोर हजर झाला.

मी त्याच्यावर भडकलो. शिपायानं फोटो दाखवला तेव्हा नाही का म्हणालास? तो खाली मान घालून म्हणाला, "खोटं काय बोललो, रावसाहेब? त्यो म्या न्हाईच. घरात तरी दुसरं काय म्हनत हुतो? चरकात बोटं गेली तवा हीच बाई हुती शेजारी. आन तिनं माझं त्वांड बदलून आनलं, हात छाटून टाकला. असा नवरा पायजेल हुता तिला, तर मी कशाला ऱ्हाऊ? रागानं पटका बी न घेता निघालो."

बायको त्याच्या खुनासाठी कोठडीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर तो तडक मामलेदार कचेरीकडे निघाला.

खबर देणाऱ्या भावाला मी विचारलं की व्रण, बोटं यातलं एक अक्षर का बोलला नाहीस. म्हणाला, तुमी फोटोचं इचारलं, मी फोटोचं सांगितलं. त्यात डाव होता की निव्वळ भित्रेपणा, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

मॅजिस्ट्रेटनी बाईला सोडलं. कचेरीच्या व्हरांड्यात नवरा उभा होता. मी तो फोटो तिच्यासमोर धरला आणि विचारलं, बाई, हा चेहरा गुळगुळीत, तुमच्या नवऱ्याचा असा. मग रोज 'अगदी ह्येच' कसं म्हणत होतात? तिनं फोटो पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. तिचाही गोंधळ उडाला होता, तो मला स्पष्ट दिसत होता.

"मला तर हे असंच दिसत्यात," ती म्हणाली.

नवऱ्यानं तोंड फिरवलं आणि उपरण्यानं डोळे पुसले. बायकोला नवऱ्याच्या तोंडावरचे व्रण दिसू नयेत, हे शक्य आहे का? मी पुढे अनेकांना विचारलं. कुणी हसलं, कुणी विषय बदलला. मला अजून ठाऊक नाही.

मी मात्र तेव्हा स्वतःवर खूश होतो. बाईला म्हटलं, नवरा शोधून दिला, आता तरी तक्रार नाही ना?

"ते जित्तं हुते म्हनून मी सुटले," ती म्हणाली. "तिकडं तापानं मेले असते तर?"

दोघं चालत गावाकडे गेली. मी जमादाराकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवसापासून समोर फोटो असो वा नसो, मी आधी वर्णन लिहून घ्यायला लागलो आणि साक्षीदाराला 'हाच ना' असं विचारणं सोडलं. 'कसा दिसतो ते सांग,' असं म्हणून गप्प बसायचं, हे मी शिकलो. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी त्या दिवशी दिलं नाही, कारण ते मला माहीत होतं. अखेरच्या अहवालात मी लिहिलं, 'खबर गैरसमजुतीतून दिलेली आढळली.' गैरसमजूत कुणाची, ते लिहायचं टाळलं. ती माझी होती.