होळीआधीच्या बिबड्या

भिकुबाईच्या हातची बिबडी ज्यानं खाल्ली नाही, त्यानं तापीकाठी राहून काय केलं? झक मारली! सारंगखेड्याच्या खालच्या अंगाला असलेल्या त्या गावात असं कोणी चार माणसांत बोललं, तर त्याला खोटं पाडणारा निघायचा नाही. साठी कधीच उलटलेली ही बाई. बोलायला फटकळ, चालायला झपाट्याची आणि आपल्या हाताचा अभिमान असलेली. असला अभिमान असावा, नाहीतर माणूस काय कामाचं?

बिबडी, म्हणजे ज्वारीचा पापड, दिसते साधी, पण ते येरागबाळ्याचं काम नव्हे. ज्वारी भिजवून आंबवायची, भरडायची, तीळ-लसूण-मिरची घालून घाटा शिजवायचा आणि चटका सोसत ओल्या हातानं खाटेवर पसरलेल्या धोतरावर पातळ थापायचा. मग हवं कोरडं ऊन आणि कोरडा वारा. हे सगळं करायचं आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके घेतात, रडतात, हसतात आणि जाताना मायच्या घरच्या बिबड्यांनी डबा भरून नेतात. लेक रिकामा डबा घेऊन गेली, तर सासरचे तोंडावर विचारतात, "काय वं, तुन्ही माय बिमार व्हती का?"

हे काम होळी पेटल्यावरच हातात घ्यायचं, आधी नाही, ही पिढीजात रीत.

पण चैत्र आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. भिकुबाईचं घर नदीकडच्या शेवटच्या ओळीत, त्यामुळे तिला ते आधी कळलं. पूर्वी चैत्रातल्या दुपारी नदीवरून यायचा तो वारा ओठ फोडायचा. आता सुरतेकडून येणारा वारा ओला असायचा. धोतर दिवस मावळेपर्यंत दमटच. वर अवकाळी! लागोपाठ तीन वर्षं भरल्या खाटांवर पाऊस कोसळला. उरलेल्या बिबड्यांना बुरशी आली. गेल्या आखाजीला भिकुबाईची स्वतःची लेक रिकामा डबा घेऊन बसमध्ये चढली. "जाऊ दे माय," म्हणाली बिचारी. त्या तीन शब्दांनी भिकुबाईला जेवण गोड लागेना.

यंदा माघातच तिनं ज्वारी भिजत घातली.

शेजारी तिची थोरली जाऊ, सरलाबाई. रीतभात म्हणजे सरलाबाई. तिनं नाक मुरडलं की गल्ली नाक मुरडते. अंगणात खाट दिसली तशी ती पदर खोचून आली.

"काय वं भिकी, होळी पेटनी नही अन खाट काढी बाहेर? आख्खी भाऊबंदकीवर इघन आणशी का?"

"जेठानीबाई, होळी तिना दिनलेच येस. पाऊस येस का त्याना दिनले?"

"म्हणजे आम्हना बापजादा येडा व्हतात?"

"त्यासना येळले पाऊस शहाणा व्हता," भिकुबाई म्हणाली आणि परातीत पाणी ओतलं.

झालं! गल्लीतली एकही बाई मदतीला फिरकली नाही. बिबड्या एकटीनं होत नाहीत. घाटा गार पडायच्या आत चार-सहा हात लागतात. राहिल्या दोघीच, भिकुबाई आणि तिची सून रुपा. त्यात पहिला घाणा बिघडला. उन्हाळ्याच्या हिशेबानं भिजवलेली ज्वारी रात्रीच्या थंडीत आंबलीच नाही; बिबड्या धोतरावरून उचलताना तुकडे तुकडे झाल्या. भिंतीपलीकडून कोणीतरी हसलं. भिकुबाई मनातून टरकली होती. खरंच विघ्न आलं तर? नातवाला साधी शिंक आली तरी ती त्याची दृष्ट काढायची. तिनं तापीमायला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि म्हणाली, "माय, तूच बदलनी, मंग मले कसाले रागावशी?"

"आई, सोडी द्या ना," रुपा म्हणाली.

"सोडाले हाई काय उसनं आणेल शे का?"

तिनं ज्वारी जास्त दिवस भिजवली, वर गोधडी घातली. नदीवरचं धुकं उठल्यावरच खाटा मांडल्या आणि बिबडी इतकी पातळ थापली, की खालचं धोतर दिसावं. यंदा माघातलं ऊनही पूर्वीच्या फाल्गुनासारखं तापत होतं. संध्याकाळी धोतराला मागून पाण्याचा हबका मारला, तशी बिबडी अख्खी सुटली. भिकुबाईनं ती दोन्ही हातांनी उन्हापुढं धरली आणि सुनेसमोर अंगणात चक्क नाचली! मग सासू-सुनेनं होळीपर्यंत उसंत घेतली नाही.

होळी पेटली आणि गावानं रीतीप्रमाणे खाटा काढल्या. दमट वाऱ्यात वाळवण आखाजीच्या तोंडापर्यंत रेंगाळलं, आणि एका दुपारी सुरतेकडून आभाळ चढलं. गारा अशा पडल्या, की कौलं फुटली. बायका धोतरं गोळा करत धावल्या, पण घाटा अंगणभर वाहून गेला. सरलाबाई पावसात तशीच उभी राहिली. तिची लेक रंजिता लग्नानंतर पहिल्याच आखाजीला येणार होती.

आपलंच खरं ठरलं, हे भिकुबाईनं बोलून दाखवलं नाही. मनात आलं नव्हतं असं नाही, चांगलं आलं होतं! पण तिनं आपल्या बिबड्यांचं पिंप उघडलं आणि गल्लीतल्या घरोघरी वाटा घातला. तिच्या स्वतःच्या लेकीचा डबा त्यात अर्धा झाला.

आखाजी सरली. लेकी निघाल्या, गल्ली दारात जमली. भिकुबाईनं रंजिताच्या हातात भरलेला डबा दिला. "ले बेटा. तुन्हा मायना घरन्या शेतस."

"खोटं नको बोलू, भिकी," मागून सरलाबाईचा आवाज आला. "रंजिता, सासरले चांगलं सांगजो. ह्या मन्ही देरानीन्या बिबड्या शेतस. मायन्या पाणीमा गयात. माय हट्टी शे."

भिकुबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं जावेच्या पायाला हात लावायला वाकायचा प्रयत्न केला, तर सरलाबाईनं तिला दंडाला धरून उभं केलं.

"पुढला साले होळीपहिले पहिली खाट मन्ही," ती भरल्या गल्लीसमोर म्हणाली. "ज्वारी कव्हा भिजाडानी, ते आते तू सांगशी."