तटाबाहेरचा शिपाई

मी शेवगावच्या स्टँडवरून निघालो तेव्हा मागे वळूनही पाहिले नाही, असे माझा धाकटा भाऊ रघुनाथ पन्नास वर्षे सांगत आला आहे. ते साफ खोटे आहे. मी तीनदा वळून पाहिले. रघुनाथ तेव्हा एसटीच्या टपावर माझ्या ट्रंकेची दोरी आवळत होता. त्याला काय दिसणार? वडील एवढेच म्हणाले, "तिथं कुनापुढं मान खाली घालू नगंस."

त्याची दुसरी कथा, विलायतेत मी साहेब झालो. तुमच्यापैकी जे तिकडे गेले त्यांना खरे ठाऊक आहे. मी लँकेशायरच्या कापडगिरणीत मागावर उभा राहिलो. त्या खडखडाटात शब्द ऐकू येत नसे. विणकर बाया ओठ ताणून बोलत आणि समोरचा ते ओठ वाचत असे. इंग्रजी मी आधी डोळ्यांनी शिकलो, मग कानांनी. आणि तेही त्या बायांचे.

रघुनाथची नात सायली पुण्यात संगणकावरचे गेम बनवते. नव्या गेममध्ये इंग्रज फौज नगरच्या किल्ल्याला वेढा घालते. पात्रांचे आवाज ठरवणे हे तिचे काम. मी आता शेवगावी परतलो आहे; आवाज घुमू नये म्हणून आमच्या खोलीत भिंतींवर गोधड्या टांगून तिने मला, इंग्रजी बोलीचा सल्लागार म्हणून, नमुने ऐकवले. कप्तानापासून खंदकात मरणाऱ्या शिपायापर्यंत सारे लंडनच्या उमरावांसारखे बोलत होते. हे असेच राहिले असते, तर विलायतेत सगळे साहेबच, ही रघुनाथची कथाच खरी ठरली असती.

"हा शिपाई पोटासाठी भरती झालेला विणकराचा मुलगा आहे. तो असे बोलणार नाही."

"आजोबा, खेळणाऱ्यांना हेच इंग्रजी ओळखीचं आहे. आणि उद्या सकाळी फाइल द्यायचीय."

"मग सल्लागार म्हणून घातलेले माझे नाव काढ."

रघुनाथ दारातून म्हणाला, "दादाला विंग्रजांचा लई पुळका! आपल्या तोफेवरच्या गड्याचं बोला की कुनीतरी."

तो गडी शेवगावकडचा. सायलीने त्याच्या संवादांचा कागद पुढे केला, मी वाचला. रघुनाथ हसला असता तर बरे झाले असते. तो हळूच म्हणाला, "दादा, ह्ये तर रेडिओवरच्या बातम्यांवानी झालं."

पुन्हा वाचले. पुन्हा तसेच. संतापून मी त्याच्यावर ओरडलो, आणि तोंडातून बाहेर पडले ते मागावरचे इंग्रजी.

सायलीने रेकॉर्डिंग थांबवले नव्हते. "शिपाई असाच बोलेल," ती म्हणाली.

तोफेवरचा गडी रघुनाथने एका दमात केला. तो तटावर, मी बाहेर खंदकात. मी इंग्रज झालो म्हणून मला ते काम मिळाले, असे तो आता गावभर सांगतो. मिळाले नाही, मी ते भांडून घेतले.

शेवटी तो शिपाई मरताना आईला हाक मारतो. मी ती तिकडच्या बोलीतच मारली. रघुनाथला इंग्रजीचे अक्षर येत नाही, तरी त्याने टोपी काढून डोळ्यांवर धरली. तुझे घर नक्की कुठले, असे तिकडे गेलेले तुम्ही मला पत्रांतून विचारता. मी परक्या बोलीत हाक मारली, तरी ती आमच्याच आईला होती हे जिथे सांगावे लागले नाही, ते माझे घर.