ओढ्यात सोडलेला पेला

दिवाळीला आई माझ्या नव्या घरी पहिल्यांदाच येणार होती, आणि दारावर स्वतःच्या हातानं काहीतरी लिहून लावते, असं मी फोनवर बोलून बसले होते. अक्षर मला तिनेच शिकवलं. यवतमाळकडच्या आमच्या गावात शाळेत जाण्याआधी मी घरीच शिकले. चुकलेलं अक्षर पुसायचं आणि नीट येईपर्यंत गिरवायचं, हा तिचा नियम. अजूनही ऑफिसचा साधा मेल मी पुन्हापुन्हा वाचल्याशिवाय पाठवत नाही. त्यामुळे दारासाठी आणलेले कागद एकामागून एक कचऱ्यात जात होते.

ऑफिसात शेजारी बसणाऱ्या प्राजक्ताला माझी दया आली. मुळशीत, माले गावाजवळच्या एका शेतघरात चिनी राजवटींच्या काळातली कविता आणि सुलेखन यांचं एका दिवसाचं शिबिर होतं. दिवाळीआधीच्या शनिवारी तिने मला गाडीत घातलं.

जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, पिरंगुटला कंपन्यांच्या बसेस अडवतात. आम्ही पौडला स्टँडजवळ चहा-वडापाव घेतला. पुढे दोन्ही बाजूंना भातकापणी चाललेली. शेवटचा उतार कच्चा आहे. तिथे मी उतरून चालत गेले. प्राजक्ता म्हणाली, गाडीपेक्षा तूच जास्त घाबरतेस.

शिकवणाऱ्या वसुधाताई बरीच वर्षं चीनमध्ये राहिलेल्या. आधी दगडावर पाणी घालून शाईची कांडी उगाळायची. घरी चंदन उगाळतो तशीच, त्यामुळे ते मला लगेच जमलं. एके काळी तिथे सरकारी अधिकारी व्हायच्या परीक्षेत कविता करावी लागे, आणि परीक्षकाला अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पुढे उत्तरपत्रिका कारकून नव्याने लिहून काढू लागले, हे ऐकून प्राजक्ता म्हणाली, बरं झालं आपण कॅम्पस इंटरव्ह्यू दिला.

मग ताईंनी सांगितलं, की एकदा ओढलेल्या रेघेवर पुन्हा कुंचला फिरवायचा नाही. मी हळूच एक रेघ दुरुस्त केली. ताईंनी माझा कागद उजेडासमोर धरला. तिथे शाईचा दाट डाग दिसत होता.

"अगं, ही रेघ आहे. इस्त्री नाही करायची तिला."

जेवायला झुणका, भाकरी आणि इंद्रायणीचा वाफाळता भात होता. जेवणानंतर शेतघरामागच्या ओढ्यावर एक जुना खेळ होता. तिकडचे कवी ओढ्याकाठी बसत आणि वरून मद्याचा पेला सोडत. तो ज्याच्यापुढे थांबेल त्याने कविता करायची, नाहीतर दंड म्हणून प्यायचं. आम्हाला पेल्याऐवजी पानांचा द्रोण, मद्याऐवजी कोकम सरबत आणि कवितेला मराठी चालणार होती. कच्चं लिखाण मात्र नाही, थेट कुंचल्याने लिहायचं.

द्रोण गिरक्या घेत आला आणि माझ्यासमोरच्या दगडाला अडकला. मी सरबताचा दंड कबूल करणार, एवढ्यात पलीकडून शेळ्या उतरल्या. एकीने सरबत पिऊन टाकलं आणि द्रोणही चावायला घेतला. मागून काठी घेतलेल्या मावशी आल्या.

"काय घातलंय त्यात? औषद न्हाई ना?"

कोकम आहे म्हटल्यावर त्या निवांत झाल्या. मी ताईंना म्हणाले, की पेला शेळीने घेतला, म्हणजे पाळी तिची. ताईंनी मावशींना नियम समजावून सांगितला.

"दंड तर तिनं पिला," मावशी म्हणाल्या. "आता तुमाला ल्हिवावंच लागंल की."

सगळे हसले, मीही हसले, आणि हसू थांबायच्या आत कुंचला उचलला:

कवी बसले विचार करत,
शेळी आली आणि पिऊन गेली.

दुसऱ्या ओळीतला 'शे' खाली घसरला. हात पुन्हा तिकडे निघाला होता, तो मी मागे घेतला. कुंचला धुवून टाकला.

खर्च जेवणासकट माणशी पंधराशेच्या आसपास येतो. जुने कपडे घाला, शाई निघत नाही. माझ्या ओढणीवरची अजून तशीच आहे.

ओढ्यावरच्या शेळीचा किस्सा मी आईला फोनवर सांगितला होता. ती आली ती बॅग हातात घेऊनच दारासमोर उभी राहिली. तिने दोन्ही ओळी वाचल्या आणि माझ्या अपेक्षेप्रमाणे बोट बरोबर 'शे'वर ठेवलं.

"हा घसरलाय."

"हो," मी म्हणाले. "नवीन कागद आहे, पुन्हा काढू का?"

तिने जरा मागे होऊन पाहिलं.

"राहू दे. ओढ्यात उतरतेय ती."

मग बॅग माझ्या हातात देऊन ती आत गेली.