अकरा जीव आणि द्राक्षबागेचा फिल्टर

"आधी पाणी सांगा."

नारायणगावात ठिबकचं सामान विकणाऱ्या शेठच्या दुकानात कुणीही शिरलं, की नमस्काराच्या जागी हे वाक्य. गिऱ्हाईक म्हणायचं, फिल्टर पाहिजे. शेठ गादीवर मांडी घालून उजव्या हाताची ओंजळ पुढं करायचे, जणू नमुना तिच्यातच ओतायचा आहे. विहिरीचं पाणी की कॅनॉलचं? माती किती, शेवाळ किती? पाण्याची सगळी कुंडली मांडल्याशिवाय त्यांचा हात फळीकडे जात नसे. काही शेतकरी सरळ बाटलीत पाणी भरूनच आणायचे. शेठ ती उजेडात धरून डॉक्टरसारखं "हं" म्हणायचे. असा एखादा दुकानदार तुम्हीही पाहिला असेल. माल विकायची घाई गिऱ्हाईकालाच जास्त.

मी तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचो आणि वारूळवाडीत राहायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मला रक्तदाब निघाला. डॉक्टर म्हणाले, घरात मासे ठेवा, बघत बसा, शांत वाटेल. शहाण्या माणसानं दीड फुटाची काचेची पेटी आणली असती. मी हायवेवरच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून पाच फुटी टाकी उचलून आणली. सोफा व्हरांड्यात गेला, टाकी बैठकीत आली आणि तिच्यात अकरा गोल्डफिश सोडले. आठ दिवसांत पाण्याचं पातळ पिठलं झालं. मासे दिसेनात, फक्त अधूनमधून एखादं तोंड काचेला लागायचं. माझा रक्तदाब आणखी चढला.

आमच्या हिनं निकाल दिला. "एक जरी मासा मेला ना, तर ही टाकी बापूंच्या गोठ्यात जाईल. म्हशी तरी पाणी पितील." बापू म्हणजे माझे सासरे, पिंपरी पेंढारचे द्राक्षबागायतदार. ही बोललेलं करते, हे मला लग्नापासून माहीत.

म्हणून शेठकडे गेलो. पाण्याबद्दल पाण्याच्या माणसालाच विचारावं, एवढी अक्कल मला होती.

"आधी पाणी सांगा, सर."

"टाकीचं. माशांच्या."

शेठची ओंजळ मिटली. मंडळी जैन, मूळची राजस्थानची, तीन पिढ्या नारायणगावात. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून शेठ दुकानाची पायरीसुद्धा बघून उतरायचे. आता हाकलणार, असं मला वाटलं.

"किती जीव?"

"अकरा."

"खायला?"

"छे, छे. बघायला."

"आणि तुम्ही बुधवारी बाजारातून आणता, ते?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. म्हणालो, "ते वेगळे."

"त्यांना सांगितलंय का तसं?"

मी परत कॅलेंडरकडे वळलो. शेठच म्हणाले, कोंडायला नको होतं, पण आता नदीत सोडाल तर बगळे टिपतील. म्हणजे सांभाळणं आलं. तीन दिवस द्या, मी विचार करतो. फळीवर दहा फिल्टर असताना गिऱ्हाईकाला रिकाम्या हातानं पाठवणारा हा माणूस.

मला तीन दिवस धीर निघेना, मी बापूंना सांगितलं. दुसऱ्याच दिवशी बापूंनी टेम्पोतून बागेचा जुना सँड फिल्टर आणला. लोखंडी, हिरवा, कमरेएवढा पिंप, पोटात वाळू. सोबत एक हॉर्सपॉवरची मोटर. "लई भारी काम करतो," बापू म्हणाले. "दोन एकराला पुरतो." माझ्या टाकीचं क्षेत्र दोन एकरांपेक्षा थोडं कमी होतं. पण जास्तीचा फिल्टर कधी वाईट असतो का, असा मी शास्त्रीय विचार केला आणि बटण दाबलं.

यात्रेतला मौत का कुआँ आठवा. अकराही मासे काचेला चिकटून गरगर फिरायला लागले. पिठलं भोवऱ्यासारखं खाली खेचलं गेलं, परतीचा पाइप क्लिपमधून सुटला आणि छताकडे तोंड करून फवारू लागला. पंखा चालू होता. त्यानं ते पाणी चारही भिंतींना समान वाटलं. मी बटण शोधायला धावलो आणि घाईत पंखाच वाढवला.

बापू कोपऱ्यातल्या खुर्चीवर हातात कपबशी धरून स्थिर बसले होते. एक मासा उसळला आणि थेट त्यांच्या धोतराच्या ओच्यात पडला. बापूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जावईबापू, ह्यो चहासंगं खायाचा का?"

तेवढ्यात दारात शेठ. तीन दिवस कशाचे, दुसऱ्याच दिवशी त्यांनी एसटीडी बूथवरून पुण्याच्या एका शोभेचे मासे विकणाऱ्याला फोन लावून सगळं विचारून घेतलं होतं. त्यांनी आधी मोटर बंद केली, मग पाण्याचा तांब्या घेऊन बापूंसमोर वाकले. मासा तांब्यात, तांब्या टाकीत. मग काचेवर बोट ठेवून मोजलं. "अकरा." आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्यापेक्षा बोलले असते तर बरं.

मग त्यांनी जो फिल्टर बसवला, तो बघून मला हसू आलं. एक प्लॅस्टिकची बादली टाकीच्या वर, बुडाला भोकं. आत विटांचे तुकडे, त्यावर स्पंज, त्यावर त्यांच्या घरचं मलमलचं फडकं. कूलरची छोटी मोटर पाणी वर टाकणार, ते झिरपत खाली येणार. "शेतात फिल्टर घाण अडवतो," ते म्हणाले. "इथं घाण खाणारे बारीक जीव लागतात. ते विटेत घर करतील. दीड महिना हात लावू नका. आणि धुवायची वेळ आली तर टाकीच्याच पाण्यात धुवा. जिथलं तिथं."

ही त्यांच्या घरची रीत. पिण्याचं पाणी फडक्यातून गाळायचं आणि फडक्यावर राहिलेले जीव, ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत हळूच परत सोडायचे. दुसऱ्या पाण्यात टाकले तर मरतात. शेठाणीबाई रोज करायच्या.

दोन महिन्यांत पाणी असं झालं, की पाणी आहे की नाही ते बोट घालून बघावं. रक्तदाब उतरला. आणि दिवाळी आली.

दिवाळीत घर चकाचक पाहिजे. मी बादली उतरवली. विटा तपकिरी, चिकट. शी, म्हणालो. नळाखाली धरून, धुण्याची पावडर टाकून, ब्रशनं एकेक तुकडा घासला. फडकं उकळलं. स्पंज पिळून उन्हात वाळवला. घाण खाणाऱ्या जिवाणूंचा धडा मी नववीला दरवर्षी शिकवतो. बाण काढून, रंगीत खडूनं.

तिसऱ्या दिवशी अकराही मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. हिनं गोठ्यात टाकी कुठं बसेल ते बापूंना विचारून ठेवलं.

शेठनी विटा हातात घेतल्या, वास घेतला. "पावडर?" मी मान हलवली. ते लुना काढून निघून गेले. संध्याकाळी आले ते विहिरीच्या पायरीवरचे बुळबुळीत विटांचे तुकडे आणि दोन कॅन विहिरीचं पाणी घेऊन. रोज अर्धं पाणी काढायचं, अर्धं भरायचं. रोज ते स्वतः यायचे, मोजायचे, जायचे.

हे सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो तर गादीवर शेठाणीबाई. त्यांनी विचारलं, "तुमचे जीव खातायत का? ते खायला लागले की आमचेही खातील म्हणतात." शेठ तीन दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर होते.

मी संध्याकाळी त्यांना म्हणालो, "शेठ, विटा मी धुतल्या. तुमचा काय संबंध?"

"बादली माझी ना. तुम्हाला नीट सांगायला मी कमी पडलो."

मला इतकी लाज वाटली, की दुसऱ्या दिवशी मीही उपास जाहीर केला. स्टाफरूममध्ये, चांगला मोठ्यानं. एक वाजेपर्यंत तो कडक पाळला. मग एसटी स्टँडमागच्या हॉटेलात भिंतीकडे तोंड करून मिसळ मागवली. दुसरा पाव मोडतोय तोच मागं लुना थांबली. वळलो. मिशीला तर्री, हातात पाव.

शेठनी बाकावरचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "पाणी प्या, सर. तिखट असते इथली." आणि गेले. घरी पोचलो तर ते टाकीसमोर उकिडवे. मासे खाली उतरले होते, एकानं खाल्लेलंही. शेठनी मोजलं, "अकरा," आणि भिंतीला हात धरून हळूच उठले.

त्यानंतर पंधरवड्यातून एकदा ते मोजायला यायचे. आता खरं सांगतो. गोल्डफिश काही अमर नसतात. पुढच्या वर्षांत एकेक जायचा. मी हिच्या नकळत पुण्याहून तसाच आणून अकरा भरायचो. मला वाटायचं, कुणाला कळत नाही. एकदा शेठ बराच वेळ एका माशाकडे बघत राहिले. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "तो कोपऱ्यातला नवा आहे. त्याला पाणी सांगितलंत का?" ही आतून म्हणाली, "मला तर पहिल्यापासून माहितीये."

दोन हजार सालानंतर चारपाच वर्षांनी शेठ मुलाकडे पुण्याला गेले. दुकानाच्या जागी मोबाइलवाला आला. तिथं पाणी कुणी विचारत नाही.

पुढं एक दिवस पुण्याहून शेठ वारल्याचा फोन आला तेव्हा मी टाकीच्याच पाण्यात स्पंज पिळत होतो. त्या आठवड्यात एक मासा गेला होता. नवा आणलेला प्लॅस्टिकच्या पिशवीतच टाकीत तरंगत होता, पाणी ओळखीचं व्हायला. मी हात पुसले आणि पिशवीचा रबर सोडला. तो थोडा थांबला, मग इतरांमागं गेला.

मोजणारं आता कुणी नव्हतं. म्हणून मीच काचेवर बोट ठेवून मोजलं, मोठ्यानं. स्वयंपाकघरातून हिनं विचारलं, "किती?"

"अकरा."