ऑरिनचं अक्षर

अमेरिकेतल्या स्क्रँटनमध्ये ऑरिन ट्वीडीच्या दुकानावर 'एन्ग्रॉसिंग' अशी पाटी होती. पदव्या, मानपत्रं टपोऱ्या पक्क्या अक्षरात लिहून देणं, हा धंदा. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ कामात गुंगून जाणं, आणि तिसरा, सगळा माल एकट्यानं घशात घालणं. पहिले दोन ऑरिनचे. तिसरा त्याच्या बहिणीच्या नवऱ्याचा, एल्मर लूमिसचा. मी तिथे अक्षरांना सोन्याचा वर्ख लावायचे, सगळं डोळ्यांदेखत पाहिलंय.

ऑरिन लिहायला बसला की ब्रह्मदेव आला तरी मान वर करायचा नाही. बायकोनं पाठवलेला डबा तसाच परत जायचा. गिऱ्हाइकांशी बोलणं एल्मरकडे.

एका हिवाळ्यात एल्मर म्हणाला, "ऑरिन, तुझी सगळी अक्षरं एका कागदावर मोठी काढून दे रे. दर्शनी काचेत लावू. लोकांना कळू दे आमचा मेहुणा काय चीज आहे ते."

"हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस," ऑरिन म्हणाला, पण गडी खूश झाला. हिवाळाभर तो त्या कागदात बुडाला होता. काचेत तो कागद काही लागला नाही. मी विचारलं तर एल्मर म्हणे, "चौकटीला दिलाय, बाई."

वसंतात शाळेच्या पदव्यांचा गठ्ठा आला, छापलेला. ऑरिननं एक कागद उचलला, मग दुसरा. सगळीकडे त्याचंच अक्षर, नावापुरती जागा कोरी. एल्मरनं त्या कागदावरून एकेका अक्षराचे छपाईचे ठसे पाडून घेतले होते आणि गावातल्या सगळ्या शाळांची कामं स्वतःच्या नावावर करून घेतली होती.

"तुझे डोळे वाचले की," एल्मर म्हणाला. "नावं तेवढी हातानं भर. लोकांना बरं वाटतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "घरचा माणूस ना तुम्ही? केसानं गळा कापलात त्याचा."

ऑरिननं शांतपणे टाक पुसला. "चोरून नेलं असतंस तर शिव्या घातल्या असत्या. तू कौतुक करून माझ्याच हातून काढून घेतलंस."

"बरं, नावं कधी देतोस?"

"माझं अक्षर तुझ्याकडे आहे. नावं कुणाच्या अक्षरात लिहू?" एवढं बोलून ऑरिननं कोट चढवला आणि तो निघून गेला.

एल्मरचं काही अडलं नाही. त्यानं त्याच ठशांनी नावंही छापली. समारंभात एकाही आईबापाला फरक कळला नाही. शेजारची बाई ऑरिनलाच पदवी दाखवून म्हणाली, "तुमचा हात अजून तसाच आहे हो."

त्यानं तिचे आभार मानले.