फुटबॉलात लावलेली साखळी

नव्वदच्या आसपास जाफराबादला एका कॉलेजात मी जिमखान्याचा शिपाई होतो. माझी शाळा चौथीत सुटली. मास्तरचं आन् माझं जमलं न्हाई, त्यात दोष मास्तरचा. पण कबड्डी आमच्या गावात माझ्याएवढी कुणाला येत नव्हती, हे आजही छातीठोक सांगतो.

आमची फुटबॉलची टीम म्हणजे सगळी कबड्डीचीच पोरं. समोरचे गोल करून करून दमायचे. शेवटी प्राचार्य म्हणाले, "जालन्याच्या टीमकडून पुन्हा हरलात तर फुटबॉल बंद. आणि मामा, तुम्हाला लायब्ररीत टाकतो." सगळं कॉलेज मला मामा म्हणायचं. लायब्ररीत माझं काय काम? पोरी येऊन पुस्तकाचं नाव सांगणार आन् मी कपाटापुढं अक्षरं जुळवत उभा राहणार! त्यापरीस उन्हात मैदानावर चुना मारलेला बरा.

खेळाचे सर नेमके मेव्हण्याच्या लग्नाला गेल्ते. मंग मीच पोरांना उभं केलं.

"गोल करायच्या भानगडीत पडू नका. खाऊ नका, बस. समोरचा आत येऊ राह्यला की मागं सरा. येऊ द्या त्याला. मंग साखळी लावा."

"मामा, फुटबॉलात साखळी?"

"एकमेकाचा हात धरायला कोण नको म्हणतं? बॉलला लावायचा न्हाई, एवढंच."

सामना आमच्याच मैदानावर. जालनेवाले बॉल घेऊन आले की आमची दहाच्या दहा पोरं गोलापुढं हातात हात घालून उभी. बॉल कुणाच्या छातीवर, कुणाच्या गुडघ्यावर.

"अरे, फुगडी घालू राह्यले का?" त्यांचा कॅप्टन ओरडला. रेफ्रीला हसावं का शिट्टी मारावी, कळंना. सामना संपत आला तरी शून्य-शून्य. तेवढ्यात बॉल दोघांच्या गुंफलेल्या पंजावर बसला. शिट्टी! पेनल्टी!

मी आत पळालो. "हात कुणाचा लागला?"

"दोघांचा मिळून," रेफ्री म्हणाला.

"मंग अर्धा-अर्धाच झाला की!"

"मामा, बाहेर व्हा."

आमचा गोलकीपर म्हणजे कबड्डीत कोपऱ्यावरून घोटा धरणारा गडी. मारणारा पळत आला तसा ह्यो सवयीनं पुढं पळत येऊन झेपावला आन् बॉल सोडून त्याचा घोटाच धरला. मारणारा आडवा. पकड अशी बराबर बसली होती की मी टाळी वाजवली.

रेफ्रीनं गोलकीपरला झाप झाप झापलं आन् पेनल्टी पुन्हा मारायला लावली. पण आता मारणाऱ्याचं ध्यान बॉलकडं न्हाईच. गोलकीपरच्या हाताकडं बघत बघत त्यानं लाथ घातली. बॉल दांडीवरून, भिंतीवरून, पलीकडं कपाशीत.

सामना सुटल्यावर प्राचार्य खुर्चीतून उठले. "ह्याला खेळ म्हणतात?"

"साहेब, हरलात तर, असं तुम्ही म्हणाल्ता. हरलो का?"

"मग जिंकलात का?"

"ते तुम्ही म्हणालाच नव्हता."

प्राचार्यांनी कपाशीकडं बोट दाखवलं. मंग म्हणाले, "जा, आधी बॉल हुडकून आणा."

लायब्ररीत त्यांनी दुसरा माणूस घेतला. सर लग्नाहून आले आन् त्यांनी पोरांना हात सोडून खेळायला शिकवलं. पुढच्याच सामन्यात पोरांनी सहा गोल खाल्ले. मला त्याचं वाईट वाटलं, असं काही मी म्हणणार न्हाई.