ट्रेमधली पांढरी बुरशी

लातूरच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेत एक शिपाई होता. मी ऑफिसात कारकून. रोज भेटायचो, पण नाव कधी विचारलं नाही. तो डाळमिलमधून तुरीचा भुसा आणायचा, उकडून ट्रेमध्ये पसरायचा आणि त्यावर बुरशी वाढवायचा. त्या बुरशीतून रोपांची वाढ करणारं संप्रेरक काढत. रोज सकाळी तो प्रत्येक झाकणाशी नाक नेऊन वास घ्यायचा. म्हणायचा, "काळी आली तर फेका. ही पांढरी हाय, कामाची हाय."

मग तपासणी समिती यायची ठरली. आदल्या दिवशी प्राचार्यांनी फर्मावलं, "बुरशी आलेलं सगळं धुऊन काढा."

बुरशी आलेलं! अहो, तीच तर महिनाभर जपून वाढवली होती!

तो दारात आडवा उभा राहिला. "सर, ही घाण न्हाई, पीक हाय."

कोण ऐकतंय! फिनेलची बाटली मीच काढून दिली, याबद्दल अजून माझीच मला चीड येते.

समितीला चकचकीत ट्रे फार आवडले. एका साहेबांनी त्याला विचारलं, "इथं काय काम चालतं?"

त्यानं रिकाम्या ट्रेवरून फडकं फिरवलं.

"कालपर्यंत लई चालत होतं, साहेब."